थीटाची पट्टी आणि एक वसूल झालेला कोर्स

अवकल समीकरणांच्या संख्यात्मक पद्धतींवरचा हा रेकॉर्डेड कोर्स मी चौथ्या धड्यासाठी घेतला आणि तेवढ्यातच पैसे वसूल झाले. ऑयलर, उलटा ऑयलर, क्रँक-निकोल्सन या पायरी-पायरीने उत्तर काढायच्या पद्धती मी कॉलेजात वेगवेगळ्या पाठ केल्या होत्या. इथे एकच पट्टी सरकवायची, थीटाची (पायरीच्या शेवटच्या उताराला किती वजन द्यायचं तो आकडा; उरलेलं सुरुवातीच्या उताराला): ० वर साधा ऑयलर, १ वर उलटा, बरोबर मध्ये क्रँक-निकोल्सन.

मी मुद्दाम अवघड समीकरण दिलं: बदलाचा दर किमतीच्या उणे ५० पट, पायरी ०.१. थीटा ० असताना प्रत्येक पायरीला उत्तर उणे ४ पट होत उधळलं. १/२ वर उणे ०.४३ पट, म्हणजे चिन्ह बदलत बदलत विझलं. १ वर ०.१७ पट, न डगमगता खाली. अचूकतेचा दुसरा क्रम (पायरी निम्मी केली की चूक साधारण चौथाई) मात्र फक्त १/२ वरच मिळतो. हे डोळ्यांनी बघितलं तेव्हा कुठे उमगलं!

रुंगे-कुट्टाचा, म्हणजे एकाच पायरीत अनेक टप्प्यांवर उतार मोजणाऱ्या पद्धतींचा, धडा घाईत उरकलाय, त्याचं वाईट वाटलं. दोन टप्प्यांच्या पद्धतीत गुणांक चार, दुसऱ्या क्रमाच्या अटी तीन, म्हणून एक पॅरामीटर मोकळा राहतो. मध्यबिंदू, ह्यून, राल्स्टन या पद्धती त्यातूनच येतात. एवढं एक वाक्य तरी हवं होतं. ते मला वहीत स्वतः मांडावं लागलं.