आठवणी बोलून लिहितोय, सात महिने झाले

टायपिंगचा कंटाळा, म्हणून फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून आठवणी सांगायला लागलो. बालपण काळाचौकीच्या चाळीत, वडील गिरणीत. रोज सकाळी सहाला भांडुपच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन वीस मिनिटं बोलतो. घरात जमत नाही, बायको स्वयंपाकघरातून दुरुस्त्या सुचवते.

दोन महिन्यांत सव्वाशे पानं झाली. रोजची मराठी बऱ्यापैकी कळते त्याला, पण गिरणीचे शब्द त्याच्या गावीही नाहीत. 'बाबा चार सांचे चालवायचे' (सांचे म्हणजे कापड विणायचे माग) म्हटलं की 'चार सांजे' उमटतं! विरामचिन्हं सगळी हाताने. निस्तरण्यात बोलण्याइतकाच वेळ जातो.

पण खरी गोची मी घातलेली. लग्नकार्यात सांगून सांगून गुळगुळीत झालेले किस्सेच मी बोलत होतो. आणि संपाबद्दल काय, तर '18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आमचे फार हाल झाले.' बहिणीला वाचून दाखवलं. म्हणाली, "दादा, हे पेपरातलं झालं. आपल्या घरात काय झालं ते सांग की."

हा माइक काही सेकंद गप्प राहिलं की आपोआप बंद पडतो. आधी चिडायचो. मग लक्षात आलं, बाबांच्या डब्याचा विषय आला की हमखास बंद पडतोय, कारण तिथे मीच अडतोय. आता अशा जागी फुली मारतो आणि तेवढा भाग वहीत पेनाने लिहितो. डब्याचं असं उतरलं:

'संपातही बाबा पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे. दाढी करायचे, शर्ट घालायचे आणि गॅलरीत स्टुलावर बसायचे. डबा खुंटीलाच. गणपती झाल्यावर आईने त्यात रेशनकार्ड आणि वाण्याच्या उधारीच्या चिठ्ठ्या ठेवायला सुरुवात केली.'

'हाल' शब्द गेला. तारीखही काढली. नऊ वर्षांच्या पोराला फी थकल्याचं माहीत होतं, तारीख कुठली! आकडे पुढे, मी मोठा झाल्यावरच्या प्रकरणात ढकलले. सव्वाशेतली सत्तावीस पानं उरलीत, त्याचं वाईट वाटत नाही.

बहीण म्हणते डबा पितळी नव्हताच, अल्युमिनियमचा होता. दोन दिवस वाद घातला, मग दोघांचंही म्हणणं लिहिलं. काकांच्या कर्जाचं पान मात्र बाजूला ठेवलंय. काकू हयात आहेत, त्यांना आधी वाचून दाखवणार.

वापरावं का? हात दुखत असेल किंवा घरातल्या म्हाताऱ्यांकडून काही उतरवून घ्यायचं असेल तर जरूर. फुकट आहे. फक्त एक, यात अक्षरं राहतात, आवाज राहत नाही. तिसऱ्या महिन्यात आईला समोर बसवून त्याच डब्याबद्दल विचारलं. स्क्रीनवर 'राहू दे ते' एवढंच आलं. ती ते कसं म्हणाली, हे आता मलाही नीट आठवत नाही. तेव्हापासून शेजारी दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवतो.