ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज : गाड्या नाहीत, थरार बेताचाच

अमेरिकेत कंबरलँड ते पिट्सबर्ग, सुमारे २४० किलोमीटर. मोटारींना पूर्ण बंदी. जुन्या रेल्वेमार्गांच्या जागी केलेली ही सायकलची वाट, बहुतेक ठिकाणी चुनखडीची बारीक, दाबून बसवलेली खडी. कंबरलँडकडून निघालात तर सुरुवातीचे ३८ किलोमीटर चढच चढ, पण रेल्वेच्या इंजिनाला झेपेल इतपतच. दोन टक्क्यांच्या आत. माझ्यासोबतची घाई करणारी मंडळी इथेच दमली, मी आपला हलका गिअर लावून निवांत.

माथ्याच्या अलीकडे बिग सॅव्हेज बोगदा लागतो, जवळजवळ एक किलोमीटरचा. आत दिवे आहेत, तरी स्वतःचा असू द्या. हिवाळ्यात तो बंद असतो, तारखा बघूनच बेत आखा. पुढे २,३९२ फूट उंचीवर जलविभाजक: एका बाजूचं पाणी अटलांटिकला, दुसरीकडचं मेक्सिकोच्या आखाताला.

पैसा वसूल भाग ओहायोपाइलचा. दोन्हीकडे गर्द झाडी, आणि उंच पुलावर थांबलं की खाली यॉकगेनी नदीत राफ्टवाल्यांची आरडाओरड. तिथे मी उगाचच बराच वेळ काढला.

दगडगोट्यांची हौस असेल तर मात्र कंटाळाल. ३५-४० मिमीचे टायर भरपूर झाले, सस्पेन्शन कशाला? मडगार्ड मात्र हवेतच. पाऊस पडला की चुनखडीचा राखाडी लगदा चेनवर बसतो आणि वाळून सिमेंट होतो; मुक्कामी पोचल्यावर जेवणाआधी चेन धुवा.