नवाहो इतिहासाचा अभ्यास: आधी कोणतं दप्तर उघडायचं?

अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या नवाहो या आदिवासी लोकांवर, म्हणजे त्यांच्याच शब्दात दिने लोकांवर, काम करायचं ठरवलं की कागद कुठे बघायचे हा प्रश्न लगेच समोर येतो. ठळक वाटा तीन: अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार, अॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफच्या विद्यापीठातलं क्लाइन ग्रंथालय आणि विंडो रॉकमधलं नवाहो नेशनचं, म्हणजे नवाहोंच्या स्वशासित प्रदेशाचं, स्वतःचं संग्रहालय. सुटी आणि पैसा बेताचाच असेल, तर निवड करावीच लागते.

सरकारी कागद अफाट आहेत. ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स या आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या खात्याची दप्तरं 'रेकॉर्ड ग्रुप ७५' मध्ये लावलेली आहेत. त्यातही नवाहो प्रदेशाच्या अॅरिझोनाकडच्या भागासाठी कॅलिफोर्नियातलं रिव्हरसाइड गाठायचं, न्यू मेक्सिकोकडच्या भागासाठी डेन्व्हर. तारखा, हुकूम, मेंढ्यांची मोजदाद यांसाठी दुसरा आधार नाही. पण या कागदात दिने माणसाचा आवाज फार गाळून येतो. अमेरिकन सरकार आणि नवाहो यांच्यातल्या १८६८ च्या तहाचंच बघा. हजारो दिने लोक न्यू मेक्सिकोतल्या बोस्क रेडोंडोच्या छावणीत डांबलेले. त्यांचा पुढारी बार्बोन्सितो नवाहोत बोलला, दुभाष्याने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, दुसऱ्याने स्पॅनिशमधून इंग्रजीत आणलं आणि मग कारकुनाने उतरवून घेतलं. आज आपण वाचतो ते भाषण एवढे हात फिरून आलेलं आहे. आपल्याकडे पेशवे दप्तर वाचणाऱ्याला मोडीचं एक कुलूप उघडावं लागतं. इथे कुलपं दोन आहेत आणि मूळ शब्द आत उरलेलेच नाहीत.

क्लाइन ग्रंथालयाचा मोठा फायदा असा की बरीच छायाचित्रं आणि मुलाखती घरबसल्या पाहता-ऐकता येतात. ट्रेडिंग पोस्ट, म्हणजे नवाहो प्रदेशातली दुकानं, चालवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मुलाखतींचा संग्रह तर फार मोलाचा. मात्र त्यात बोलणारे बहुतेक दुकानदार आहेत, गिऱ्हाईक नव्हे, हे ऐकताना विसरू नका. आदिवासी समाजांच्या कागदपत्रांशी कसं वागावं याची नियमावली २००६ मध्ये इथेच तयार झाली. ती आधी वाचा.

विंडो रॉकबद्दल मला सगळ्यात जास्त आस्था आहे. तहाची एक प्रत सरकारतर्फे वाटाघाटी करणाऱ्या सॅम्युअल टॅपन यांच्या घराण्यातल्या वारसांकडे मॅसॅच्युसेट्समध्ये माळ्यावरच्या पेटीत पडून होती. २०१९ मध्ये ती नवाहो नेशनकडे आली. ज्यांचा तह, त्यांच्या घरी. इथे कामाचा वेग तुमच्या हातात नसतो. मुलाखती घ्यायच्या तर नवाहो नेशनची रीतसर परवानगी लागते. कायोटीच्या, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या, गोष्टी तर थंडीतच सांगायच्या, हा त्यांचा दंडक. जूनमध्ये जाऊन त्या मागू नयेत.

माझं मत विचाराल तर सुरुवात घरी बसून क्लाइनपासून करा, प्रवासाचा खर्च विंडो रॉकसाठी राखा आणि सरकारी दप्तराकडे नेमका प्रश्न हाती आल्यावरच वळा. विषय निव्वळ तहाचा किंवा १९३० च्या दशकात सरकारने नवाहोंचे कळप कमी करायला लावले त्या सक्तीच्या मेंढी-कपातीच्या हुकमांचा असेल, तर हा क्रम उलटा. पण कपात लोकांनी कशी सोसली हे समजून घ्यायचं असेल, तर मेंढ्यांचे आकडे पुरणार नाहीत. ज्यांच्या गोठणीसमोर जनावरं मारून तशीच टाकून दिली, त्यांचं बोलणं ऐकावं लागेल.

आणि उन्हाळ्यात फ्लॅगस्टाफहून विंडो रॉकला निघालात, तर घड्याळ एक तास पुढे करा. अॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, नवाहो नेशन पाळतं. ठरलेली भेट त्या एका तासापायी हुकायला नको.