लातूरच्या ट्यूशन एरियातील मंगा-ॲनिमे दुकान

लातूरला उद्योग भवन परिसरात, खासगी शिकवण्या आणि मेस यांच्या दाटीत, पहिल्या मजल्यावर मंगा (जपानी चित्रकथा) आणि ॲनिमे (जपानी ॲनिमेशनपट व मालिका) यांच्याशी संबंधित वस्तूंचे एक छोटे दुकान आहे. नीट आणि जेईईच्या तयारीसाठी बीड, परभणी, नांदेड, धाराशिव येथून येऊन राहिलेली मुलेमुली हेच त्याचे मुख्य गिऱ्हाईक. अशा दुकानाची पारख करताना माल किती आहे यापेक्षा, समोर उभ्या असलेल्या चाहत्याला नेमके काय प्रिय आहे हे दुकानदाराला ओळखता येते का, हे पाहावे असे मला वाटते. बाहेरून हे चाहते एकसारखे दिसत असले, तरी कोणी कथेसाठी जीव टाकतो, कोणी रेषेसाठी, कोणाला आवडत्या पात्राची मूर्ती टेबलावर हवी असते, तर कोणाला हाताला गुंतवून ठेवणारे काम हवे असते.

या दुकानाला सर्वांत चांगला कळला आहे तो वाचक. इंग्रजी मंगाचे खंड येथे क्रमाने लावलेले आहेत आणि मधले क्रमांक गळालेले नाहीत. पाचवा खंड संपवून सहावा शोधताना ज्याच्या हाती थेट सातवा आला असेल, त्याला या शिस्तीची किंमत वेगळी सांगायला नको. परंतु खरी अडचण पैशांची असते. ‘वन पीस’ ही मालिका जुलै १९९७ पासून ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात चालू आहे आणि तिचे शंभराहून अधिक खंड झाले आहेत. येथे एका खंडाला चार-पाचशे रुपये पडतात, म्हणजे पूर्ण संचाचा हिशेब चाळीस हजारांच्या पुढे जातो, आणि घरून मोजके पैसे येणाऱ्या मुलाने एवढा खर्च करावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. दुकानदाराने यावर आपल्या जुन्या वाचनालयांची रीत स्वीकारली आहे: अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची आणि एका वेळी दोन खंड घरी न्यायचे. प्रत्येक वाचनप्रतीला प्लॅस्टिकचे आवरण आहे आणि आतल्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली आहे. मला ही सोय फार मोलाची वाटते. युद्धोत्तर जपानमध्येही, १९५० च्या दशकात, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांनीच मंगाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला होता, आणि शिगेरु मिझुकी यांच्यासारखे चित्रकार त्याच व्यवसायात घडले. विकत घेण्याची ऐपत नसलेला वाचकही खरा वाचक असतो, हे ज्या दुकानाला समजले, त्याने अर्धे काम केले असे मी मानतो.

नवख्या वाचकाकडेही येथे लक्ष दिले जाते. मंगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो; पुस्तक आपल्या सवयीने उघडले तर शेवटचे पान समोर येते. काउंटरवरची ताई पहिला खंड हाती देताना तो उलट बाजूने उघडून, चौकटींचा क्रम बोटाने दाखवते आणि मगच पुढे करते.

दुसरा वर्ग हाताने काम करणाऱ्यांचा. ‘गंडम’ ही यंत्रमानवांची मालिका जपानमध्ये १९७९ साली दूरचित्रवाणीवर आली आणि पुढच्याच वर्षी बंदाई कंपनीने तिच्यातील यंत्रमानवांचे जोडणीसंच बाजारात आणले. येथे प्रामुख्याने एचजी, म्हणजे ‘हाय ग्रेड’, श्रेणीतील १/१४४ प्रमाणाचे संच मिळतात. या प्रमाणात मालिकेतला १८ मीटर उंचीचा यंत्रमानव साडेबारा सेंटिमीटरचा होतो. सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात, ते कापून एकमेकांत दाबून बसवायचे असतात, आणि त्यासाठी गोंद लागत नाही. दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल, दिवा आणि दोन निपर, म्हणजे भाग कापायचे छोटे कटर, ठेवले आहेत. तेथे दुकानदार एका मुलाला शिकवत होता: पहिला काप भागापासून थोडा दूर घ्यायचा, मग उरलेला तुकडा निपरची सपाट बाजू भागाकडे ठेवून हळूच छाटायचा, आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. एकदम मुळाशी कापले तर प्लॅस्टिक ताणले जाऊन तेथे पांढरा डाग उमटतो. मुलाने कापलेल्या दोन भागांवर तो डाग स्पष्ट दिसत होता. तिसरा भाग स्वच्छ निघाला. या वर्गाच्या चाहत्याला कथानक पाठ असतेच असे नाही, त्याचा आनंद त्या तिसऱ्या भागात असतो, आणि दुकानाने त्यासाठी महागडी जागा अडवून ठेवली आहे याचे मनापासून कौतुक करावेसे वाटते.

मूर्तींच्या कपाटाबद्दल मात्र मला नापसंती नोंदवावी लागते. त्यात परवानाधारक जपानी मूर्ती आणि बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून ओळखला जाणारा बनावट माल शेजारी शेजारी ठेवला आहे, आणि कोणत्याही मूर्तीवर तशी चिठ्ठी नाही. “दादा, हे ओरिजिनल आहे का?” असे विचारले तर उत्तर खरे मिळते, हे मान्य, पण न विचारणाऱ्याचे काय? संग्राहक हा चाहत्यांमधला सर्वांत काटेकोर माणूस. केसांच्या कडेला रंग कपाळावर उतरला आहे का, सांध्याची रेघ दिसते का, प्लॅस्टिकला उग्र वास येतो का, खोक्यावरची छपाई धूसर आहे का, हे तो बारकाईने पाहतो, आणि ‘ड्रॅगन बॉल’सारख्या मालिकांच्या जपानी खोक्यावर तोएई ॲनिमेशन या निर्मिती कंपनीचा चकाकणारा शिक्का शोधतो. तो फसणार नाही. फसेल ती महिनोन्महिने पैसे साठवून पहिली मूर्ती घ्यायला आलेली अकरावीची मुलगी, जिला वस्तू खरी असण्याचे महत्त्व आहे पण ती ओळखण्याचा सराव नाही. स्वस्त मालाला गिऱ्हाईक आहे हे खरे असले, तरी तो वेगळ्या फळीवर आणि स्पष्ट चिठ्ठी लावून ठेवणे अवघड नाही.

हिंदी डबिंगवर वाढलेल्यांसाठी डोरेमॉन आणि शिनचॅनच्या किचेन व वह्या भरपूर आहेत. एवढे पुरेसे आहे. मूळ जपानी आवाजांवर प्रेम करणारा, म्हणजे मासाको नोझावा १९८६ पासून ‘ड्रॅगन बॉल’चा नायक गोकू याला आवाज देत आहेत हे आदराने सांगणारा चाहता, येथे फक्त गप्पांसाठी येतो, कारण त्याला हवे ते दुकानात विकण्याजोगे नाहीच.

खरी उपेक्षा झाली आहे ती रेषेच्या चाहत्याची. मारामारीचे एक दृश्य थांबवून थांबवून पाहणारा, ते कोणत्या ॲनिमेटरने काढले असेल याचा अंदाज बांधणारा, जपानी ॲनिमेटर योशिनोरी कानाडा यांनी रूढ केलेले ताणलेले, वाकवलेले यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) आजच्या चित्रकारांच्या हातात ओळखणारा हा वर्ग संख्येने लहान आहे. त्याला आर्टबुक हवे असते, मूळ रेखाटनांचे संग्रह हवे असतात. येथे त्यातले एकही पुस्तक नाही. ही पुस्तके महाग असतात आणि पडून राहण्याची भीती असते, हे समजण्यासारखे आहे. तरी दोन-तीन आर्टबुके वाचनालयाच्या फळीवर ठेवली, घरी न देता तेथेच बसून पाहू दिली, तर लातूरमधील चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनाही या दुकानाचा जिना चढण्याचे कारण मिळेल.

रविवारी सराव परीक्षा सुटल्यावर जिन्यापर्यंत रांग लागते, त्यामुळे निपरचे टेबल हवे असेल तर मधल्या वारी दुपारी जावे. वाचनालयाचे सभासद होताना अनामतीची पावती अवश्य घ्यावी, आणि मूर्ती घेताना संकोच न करता आधी विचारावे.