बादली घ्यायची की कारबॉय? (भाच्याने विचारलं म्हणून लिहितोय)

भाचा अमेरिकेत ओहायोला असतो, काल त्याचा मेसेज आला, मामा घरी बिअर करून बघायचीय, दुकानवाला ती आंबवायला काचेचा कारबॉय, म्हणजे अरुंद गळ्याची मोठी बाटली, घे म्हणतोय आणि रूममेट म्हणतो प्लास्टिकची बादली पुरे, तू सांग. मी तिकडे सहा वर्षं होतो आणि बेसमेंटमध्ये दोन्हींत बिअर केलीय म्हणून मला विचारतात सगळे. इथे इंदूरला करत नाही, लायसन्सशिवाय काढली तर आबकारीवाले दारात येतील, रामबागेत काय लपून राहतंय. तिकडे मात्र १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टरने कायद्यावर सही केल्यापासून एकट्या माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि घरात दोन मोठी माणसं असली तर २०० गॅलनपर्यंत घरच्यासाठी चालते, फक्त विकायची नाही.

तर सरळ सांगतो, पहिली बादली घे.

कारण अगदी घरगुती आहे. आमची आई लोणच्याची बरणी घासून झाली की आत हात घालून बोटाने तळ चाचपून बघते, आणि ज्या भांड्यात हात जात नाही ते घासलं असं म्हणायचंच नाही असा तिचा कायदा आहे. बादलीत कोपरापर्यंत हात जातो. कारबॉयच्या गळ्यातून जेमतेम दोन बोटं जातात, आणि यीस्ट जोरात आलं की वर जो खरकटा फेस चढतो ना, तो खांद्याच्या आतल्या बाजूला एक तपकिरी कडं करून वाळतो, ते काढायला वाकडा लांब ब्रश आणतात आणि तो ब्रश नेमका त्या वळणाला टेकत नाही. शेवटी मी गरम नसलेल्या पाण्यात क्लीनर टाकून रात्रभर भरून ठेवायचो आणि सकाळी ते कडं आपोआप सुटायचं. तर भिजवायचा धीर असेल तर काच वाईट नाही, पण तुला धीर नाही हे मला तुझ्या लहानपणापासून माहितीय.

आता बादलीच्या विरोधात जे बोलतात ते पण खरं आहे. प्लास्टिकवर चरे पडतात, चऱ्यात जंतू बसतात आणि मग कितीही सॅनिटायझर फिरवा ते आतच. पण चरे पडतात कशाने तर आपण तारेच्या घासणीने घासतो म्हणून! मऊ स्पंज वापर, आत चमचे ठेवू नकोस, बादलीत बादली घालून रचून ठेवू नकोस, आणि वर्षा-दोन वर्षांनी खराब वाटली की कपडे भिजवायला दे, दुसरी आण, झाकणासकट कारबॉयच्या साधारण निम्म्या किमतीत येते. वास पण धरते बादली, लवंग-दालचिनी घालून एकदा डिसेंबरची बिअर केली होती ती मार्चपर्यंत प्रत्येक बिअरमध्ये लवंग. काचेला हा त्रास शून्य.

दुसरं, प्लास्टिकमधून थोडाथोडा ऑक्सिजन आत जातो. हे ऐकून लोक घाबरतात पण साध्या एल जातीच्या बिअरला दोन आठवडे लागतात, तेवढ्यात काही बिघडत नाही, वर कार्बन डायऑक्साइडचा थर असतोच. सहा महिने मुरवायची असेल, आंबट बेल्जियन पद्धतीची वगैरे, तेव्हा काच पाहिजे आणि तीही गळ्यापर्यंत भरलेली, म्हणजे हवेला जागाच नको. तू पहिल्याच वर्षी ते करणार आहेस का? नाही ना.

काचेचं मला खरं भांडण वजनाशी आहे. पाच गॅलनची बॅच म्हणजे १९ लिटर, त्यात रिकाम्या कारबॉयचं वजन सहा-सात किलो, म्हणजे सव्वीस किलोच्या आसपासची ओली गुळगुळीत काच घेऊन बेसमेंटच्या पायऱ्या उतरायच्या. नारंगी रंगाचं गळ्याला अडकवायचं हँडल मिळतं, ते फक्त रिकामा उचलायला, भरलेला त्याने उचलू नकोस. आणि गरम काही ओतू नकोस. जानेवारीत मी गॅरेजमधून थंडगार कारबॉय आणला आणि धुवायला गरम पाणी ओतलं, फट्‌ असा बारीक आवाज, उचलला तर तळ थाळीसारखा गोल सुटून सिंकमध्येच राहिला आणि वरचं सगळं माझ्या हातात! कड इतकी धारदार होती की मी पाच मिनिटं तसाच उभा, खाली कुठे ठेवू हेच कळेना. रिकामा होता म्हणून वाचलो.

पण एक गोष्ट कबूल करतो, काचेतून बघायला मिळतं ते बादलीत नाही. दुसऱ्या दिवशी आत यीस्टचे गोळे वर-खाली फिरत असतात, डाळ उकळताना फिरते तशी, मी खुर्ची टाकून बसायचो. फक्त उजेड लागू देऊ नकोस, हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कडू द्रव्यांवर ऊन पडलं की स्कंक नावाच्या प्राण्यासारखा घाण वास धरतो, जुना टी-शर्ट घालून ठेव कारबॉयला. बादलीत आतलं दिसत नाही म्हणून नवीन माणूस एअरलॉककडे, म्हणजे झाकणावरच्या गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीकडे, बघतो, आणि बादलीचं झाकण कुठूनतरी गॅस सोडतंच, बुडबुडे येत नाहीत, मग मामा बिअर मेली का असा रात्री दोनला मेसेज. मेलेली नसते. हायड्रोमीटरने, म्हणजे घनता मोजायच्या तरंगत्या नळीने, बघ, दोन-तीन दिवस आकडा तोच आला की झालं. त्यासाठी झाकण उघडून नमुना काढायलाही बादलीच बरी, आणि फळं किंवा हॉप्सची पिशवी टाकायची असली तर काचेत टाकताना जातील पण भिजून फुगल्यावर बाहेर काढून दाखव.

पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकचे, कारबॉय पण मिळतात, हलके, फुटत नाहीत, दिसतंही. मला ते अधलेमधले वाटतात, गळा अरुंद तो अरुंदच आणि चरे पडायची भीती आहेच.

आणि सुट्टीत इथे आलास की सियागंजात जाऊन कारबॉय मागू नकोस हां, आपल्याकडे कारबॉय म्हटलं की ॲसिडचा तो जाड प्लास्टिकचा कॅन पुढे करतात. शब्द मूळचा फारसी, कराबा, म्हणजे मोठी काचेची सुरई, आणि आता बघ कशाला म्हणतात. मी इथे जांभळाचा सिरका करतो तो काचेच्या मोठ्या बरणीत, तोंडाला मलमल बांधून, कारण त्याला हवा लागते. तुला सिरक्याचा नाद लागला तर त्याची भांडी-नळ्या वेगळ्या ठेव, त्यातले जंतू बिअरच्या बादलीत शिरले की पुढची सगळी बिअर सॅलडवर.

बादली आणलीस की आधी लिटरलिटर पाणी ओतून बाहेरून मार्करने खुणा कर. साडेसहा गॅलनचीच घे, पाच गॅलनच्या बॅचला वर फेसाला जागा राहते. आणि झाकणाच्या भोकाला रबराचं ग्रोमेट, म्हणजे घट्ट बसणारं कडं, आहे का ते दुकानातच बघ, माझ्या पहिल्या बादलीला नव्हतं, मी एअरलॉकभोवती बाफल्याची उरलेली कणीक थापली होती, तिसऱ्या दिवशी ती वाळून निम्मी आत पडली.