फोंड्यात भाड्याची गुंतवणूक: सहा बिऱ्हाडांची इमारत की तीन सुटे फ्लॅट?

गोव्यातील फोंड्यासारख्या वाढत्या गावात दीड कोटी रुपये भाड्याच्या मालमत्तेत घालायचे ठरले, तर साधारणपणे दोन पर्याय समोर येतात. पहिला म्हणजे कुर्टी, ढवळी किंवा फर्मागुडीच्या बाजूला पाच-सहा बिऱ्हाडांची दुमजली इमारत जमिनीसह विकत घेणे. दुसरा म्हणजे तेवढ्याच रकमेत निरनिराळ्या सोसायट्यांतील तीन फ्लॅट घेऊन ते भाड्याने देणे. माझे मत आरंभीच सांगतो. गोव्यातच राहणाऱ्या आणि आठवड्यातून एखादी फेरी मारू शकणाऱ्या माणसाने इमारतीचा विचार अवश्य करावा, मात्र तिचे कागद निर्वेध असतील तरच. मुंबईला किंवा आखातात नोकरी करणाऱ्याने फ्लॅटच घ्यावेत, भाडे कमी मिळाले तरी.

फोंड्याचा भाडेकरू हा पर्यटक नव्हे, ही गोष्ट या बाजाराच्या मुळाशी आहे. कुंडई, बेतोडा आणि मडकई या औद्योगिक वसाहतींतील कामगार व पर्यवेक्षक, उसगावच्या टायर कारखान्यातील कर्मचारी, शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, बदलीवर आलेले सरकारी नोकर आणि विद्यार्थी यांच्यावर येथील भाडे चालते. पणजी आणि मडगाव दोन्हीकडे रोज ये-जा करता येत असल्याने, नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला नोकरीला, अशी बिऱ्हाडेही येथे खोली शोधतात. किनारपट्टीवर हंगामात मिळते तसे भाडे येथे मिळत नाही, पण पावसाळ्यात खोली ओसही पडत नाही.

आता हिशेब. पुढील आकडे बाजारभाव म्हणून घेऊ नयेत; केवळ गणिताची रीत दाखवण्यासाठी ते गृहीत धरले आहेत. सहा बिऱ्हाडांचे प्रत्येकी ११,००० रुपये भाडे धरले, तर महिन्याला ६६,००० आणि वर्षाला ७,९२,००० रुपये होतात. प्रत्येक बिऱ्हाड वर्षातून एक महिना रिकामे राहील असे धरले की ७,२६,००० उरतात, आणि घरपट्टी, रंग, पंप, टाकीची सफाई, जिन्यातले दिवे असा १,२६,००० रुपयांचा खर्च वजा केला की हाती सहा लाख येतात, म्हणजे दीड कोटीवर चार टक्के. पन्नास लाखांचे तीन फ्लॅट प्रत्येकी १५,००० रुपयांनी दिले, तर अकरा महिन्यांचे ४,९५,००० होतात. त्यातून सोसायटीची वर्गणी ७२,००० आणि घरपट्टी-दुरुस्तीचे ४८,००० गेले की ३,७५,००० उरतात, म्हणजे अडीच टक्के. दोन्ही आकडे बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा कमी आहेत, हे मान्य करूनच पुढे जावे. उरलेला परतावा मालमत्तेच्या भाववाढीतून यायचा असतो, आणि तेथे इमारतीची बाजू उजवी ठरते. कारण भाव वाढतो तो जमिनीचा, बांधकाम मात्र दर पावसाळ्यात जुने होत जाते. फ्लॅटधारकाच्या वाट्याला जमिनीचा अगदी लहान, अविभाजित हिस्सा येतो.

या हिशेबात एक फसवी गोष्ट दडलेली आहे. सहापैकी एक बिऱ्हाड रिकामे झाले तर उत्पन्न सहाव्या हिश्शाने घटते, तीनपैकी एक फ्लॅट रिकामा झाला तर तिसऱ्या हिश्शाने. म्हणून इमारत अधिक सुरक्षित, असे दलाल हमखास सांगतात. परंतु ही सहाही बिऱ्हाडे एकाच रस्त्यावर असतात आणि बहुधा एकाच प्रकारच्या भाडेकरूंवर अवलंबून असतात. फर्मागुडीचेच पाहा. १९६७ मध्ये स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय तेथे आहे. त्याच आवारात २०१० मध्ये एनआयटी आणि २०१६ मध्ये आयआयटी सुरू झाली, आणि आसपासच्या खोल्यांना मागणी आली. पुढे एनआयटीचे स्वतःचे संकुल कुंकळ्ळीला उभे राहिले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे उद्घाटनही झाले. आयआयटीला कायमची जागा मिळवून देण्याचे प्रयत्नही अनेक वर्षे चालले. सत्तरीतील शेळ-मेळावलीची जागा स्थानिकांच्या विरोधानंतर जानेवारी २०२१ मध्ये सोडून द्यावी लागली. केवळ एका संस्थेच्या भरवशावर घेतलेल्या इमारतीची सहाही बिऱ्हाडे एकाच मे महिन्यात रिकामी होऊ शकतात. तीन फ्लॅटांपैकी एक फोंडा शहरात, एक बेतोड्याच्या वाटेवर आणि एक म्हापशात असेल, तर हा धोका आपोआप विभागला जातो. इमारतच घ्यायची असेल, तर विद्यार्थ्यांबरोबर कारखान्यातील कामगारांनाही सोयीची ठरेल अशी जागा शोधावी. कुर्टीचा पट्टा मला त्या दृष्टीने फर्मागुडीपेक्षा बरा वाटतो.

खरा फरक मात्र कागदपत्रांत आहे, आणि तेथे घाई करणाऱ्याचे हमखास नुकसान होते. आठपेक्षा अधिक सदनिका असलेला आणि पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवरचा नवा प्रकल्प रेरा या बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे त्याची मंजुरी, नकाशे आणि मुदत निदान एका ठिकाणी पाहायला मिळतात. पाच-सहा बिऱ्हाडांची जुनी इमारत या कक्षेबाहेर असते आणि तिची सर्व तपासणी विकत घेणाऱ्यालाच करावी लागते. फॉर्म १ व १४ चा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढून त्यातील कूळ आणि इतर हक्क हे रकाने आधी वाचावेत. तेथे मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, नाव असेल, तर १९७५ च्या कायद्याने त्याला राहते घर सोडावे लागत नाही, उलट ते विकत घेण्याचा हक्क मिळतो. फोंडा तालुक्यात देवस्थानांच्या जमिनी बऱ्याच आहेत आणि त्या सहजासहजी विकता येत नाहीत. निवासी वापराची सनद, बांधकाम परवाना आणि भोगवटा दाखला हे तिन्ही कागद एकमेकांशी जुळतात का, हेही पाहावे; वरचा मजला मागाहून चढवला असेल तर ते बहुधा येथेच उघड होते. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने बेकायदा बांधकामांवर कारवाईचे कडक आदेश दिल्यापासून ‘पंचायतीत सगळे सांभाळून घेतात’ या आश्वासनाला काही किंमत उरलेली नाही.

त्यातच गोव्याचा कौटुंबिक कायदा वेगळा आहे. पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक मानली जाते, त्यामुळे विक्रीला दोघांची संमती लागते. मालक वारला असेल, तर सर्व वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या लागतात. त्यांतील कोणी पोर्तुगालला, कोणी इंग्लंडला असतो, आणि इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याचा न्यायालयीन, दावा पूर्ण झालेला नसतो. विक्रेता अनिवासी असेल, तर त्याला द्यायच्या रकमेतून कर कापून भरण्याची जबाबदारीही विकत घेणाऱ्यावर येते. सोसायटीतील फ्लॅटला हे सगळे लागू नाही असे नाही, पण बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटच्या साखळीत माणसे थोडी असतात आणि बँकेच्या वकिलाने ती बहुधा आधीच तपासलेली असते. इमारतीसाठी निर्वेध मालकीचा लेखी अहवाल वकिलाकडून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये.

इमारत पाहायला जाल तेव्हा जिन्याखालची मीटरची पेटी उघडून पाहावी. बिऱ्हाडे सहा आणि वीजखात्याचे मीटर दोनच असतील, बाकीचे मालकाने बसवलेले सब-मीटर असतील, तर सहा स्वतंत्र घर क्रमांक कधी मिळालेच नाहीत असे समजायला हरकत नाही. घरगुती विजेचा दर वापर वाढेल तसा चढत जातो. सहा घरांचा वापर एका मीटरवर मोजला गेला की प्रत्येकाचे बिल फुगते आणि दर महिन्याला मालकाशी वाद होतो. नळजोडणीचेही तसेच आहे. ओपाच्या प्रकल्पातून येणारे पाणी एखाद्या दिवशी तुटले, तर सहा कुटुंबांना पुरेल एवढी जमिनीखालची टाकी आहे का, आणि सेप्टिक टँक किती माणसांच्या हिशेबाने बांधला होता, हे विचारावे. पाहणी जुलैत करावी. ओल भिंतीत किती वर चढली आहे ते डिसेंबरात दिसत नाही, कारण तोवर ताजा रंग दिलेला असतो. फ्लॅटच्या बाबतीत यातील बरेचसे ओझे सोसायटीवर जाते. अर्थात सोसायटीची समिती झोपलेली असेल, तर गळकी गच्ची वर्षानुवर्षे तशीच राहते आणि एकट्या फ्लॅटमालकाला काही करता येत नाही.

कराच्या बाजूने दोन्ही पर्याय सारखेच आहेत: भाड्यातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, आणि गोव्याच्या नागरी कायद्याखाली येणाऱ्या दांपत्याचे घरभाड्याचे उत्पन्न आयकरासाठी दोघांत निम्मे विभागले जाते, ही येथील मोठी सवलत आहे. कर्ज फ्लॅटवर सहज मिळते. जुन्या इमारतीवर बँक अधिक कागद मागते आणि मूल्यांकनही हात राखून करते.

बाहेर पडण्याच्या वेळी फ्लॅटचे पारडे स्पष्टपणे जड होते. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे लागले तर एक फ्लॅट विकून बाकीचे दोन ठेवता येतात. इमारतीचा एक मजला विकायचा म्हटले, तर मंजूर नकाशा, सामाईक जिना आणि जमिनीचा हिस्सा यांचे प्रश्न उभे राहतात, आणि अख्ख्या इमारतीला गिऱ्हाईक मिळायला वर्षही लागू शकते.

फोंड्याऐवजी उत्तर गोव्यातील पेडण्याचा विचारही अनेकजण करतात. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली आणि धारगळला आयुष इस्पितळ झाले, त्यामुळे तेथे नोकरदार भाडेकरू वाढणार हे खरे. पण तेथील जमिनीच्या भावात ही भावी वाढ आधीच धरलेली आहे, आणि २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी असल्याने ‘पुढे झोन बदलून मिळेल’ असे सांगून दाखवल्या जाणाऱ्या शेतात पैसे घालू नयेत.

इमारत घेण्याचे नक्की केले, तर आत राहणारे भाडेकरू कोणत्या कराराने राहतात हे विक्रीखतापूर्वीच पाहावे. अकरा महिन्यांचा लेखी करार आणि पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती असेल, तर अडचण नाही. पण वीस वर्षे तोंडी बोलीवर राहणारे एखादे जुने बिऱ्हाड असेल, तर १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली त्याला उठवणे हे वर्षांचे काम आहे. ती खोली उत्पन्नात धरू नये आणि किंमत ठरवताना तेवढी रक्कम विक्रेत्याकडून कमी करून घ्यावी.