वाड्यावरच्या मेंढीविक्रीसाठी टांगता डिजिटल काटा: वापरानंतरचा अभिप्राय

पंचवीस-तीस मेंढ्या सांभाळणाऱ्या आणि वर्षभरात तयार होणारे नर बाजारात न नेता वाड्यावरूनच, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जागेवरूनच, विकणाऱ्या माणसाने 200 किलो क्षमतेचा टांगता डिजिटल काटा घ्यावा की नाही, एवढ्याच प्रश्नापुरता हा अभिप्राय आहे. माझ्याकडे माण तालुक्यात दख्खनी आणि माडग्याळ या मेंढ्यांच्या जातींच्या संकराचा छोटा कळप आहे आणि हा काटा दोन्ही हंगामांत वापरून झाला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अडीच-तीन हजारांच्या घरात मिळणारे हे काटे बहुतेक एकाच घडणीचे असतात: वर अडकवायची कडी, खाली फिरता आकडा (हूक), मध्ये लाल अंकांचा पडदा आणि त्याखाली शून्य करण्याचे व वजन गोठवण्याचे अशी दोन कामाची बटणे.

काट्याची गरज का पडते, हे उक्ता, म्हणजे वजन न करता अंदाजाने ठरणारा, सौदा पाहिलेल्या कोणालाही माहीत आहे. वाड्यावर येणारा खाटीक किंवा व्यापारी कोकराच्या पाठीवर हात ठेवतो, कमरेचे मणके बोटांनी चाचपतो, छातीखाली हात घालून जनावर वीतभर उचलतो आणि मनातल्या मनात मटणाचा आकडा काढतो. दर आठवड्याला शेकडो जनावरे हाताखालून जाणाऱ्या माणसाचा अंदाज किलो-दीड किलोपलीकडे सहसा चुकत नाही, आणि वर्षाला पंधरा नर विकणाऱ्याचा अंदाज त्याच्या जवळपासही जात नाही. लोणंदच्या किंवा आटपाडीच्या बाजारात ही विषमता थोडी झाकली जाते, कारण तिथे दहा गिऱ्हाइके असतात, रुमालाखाली बोटे धरून सौदा झाला तरी तासाभरात भाव काय फुटला ते चार लोकांकडून कळते, आणि एकाने कमी मागितले तर दुसऱ्याकडे जाता येते. वाड्यावर मात्र गिऱ्हाईक एकटे असते आणि त्याच्या आकड्याशी ताडून पाहायला दुसरा आकडा नसतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवर जनावरे जिवंत वजनावर विकली जातात. तीच पद्धत खासगी वाड्यावर आणायची तर पहिली अडचण काट्याचीच असते.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. काट्याची अचूकता समाधानकारक आहे. गावातल्या खतविक्रेत्याकडची 20 किलोची शिक्का मारलेली वजने अडकवून पाहिली तेव्हा 20, 40 आणि 60 किलोंवर मिळून शंभर ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला नाही, आणि मेंढीच्या सौद्यात त्याहून बारीक मोजमापाची कोणालाच गरज नसते. पन्नास ग्रॅमपर्यंतचे अंक पडद्यावर दिसतात, पण जिवंत, हलणाऱ्या जनावराच्या बाबतीत शेवटचा अंक केवळ शोभेचा आहे. खरी कसोटी वजन गोठवण्याच्या बटणाची असते, आणि तिथे हा काटा मध्यम प्रतीचा ठरतो. जनावर शांत असेल तर आकडा तीन-चार सेकंदांत स्थिरावतो. त्याने पाय झाडले तर मात्र काटा त्या क्षणीचा कोणताही आकडा धरून बसतो, आणि तो आकडा जास्तीचा असेल तर गिऱ्हाइकाची भुवई लगेच वर जाते. म्हणून ते बटण न वापरता अंक आपोआप थांबेपर्यंत वाट पाहणे आणि दोघांनी मिळून तो मोठ्याने वाचणे, हाच वाद टाळण्याचा मार्ग आहे. भर दुपारी उन्हात लाल अंक जवळजवळ दिसत नाहीत. काटा शेडच्या आढ्याला किंवा झाडाच्या सावलीत टांगावा लागतो. बॅटरी पुन्हा चार्ज होणारी आहे आणि बरेच दिवस टिकते, मात्र चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण पहिल्याच पावसाळ्यात गळून पडले. लोकरीची धूळ आणि लेंड्यांचा ओलावा यांत वापरायच्या वस्तूचे झाकण इतके तकलादू असू नये.

झोळीचा विषय काट्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि विक्रेते त्याविषयी काहीच सांगत नाहीत. काट्याबरोबर केवळ हूक मिळतो; जनावर कशात घालायचे हा प्रश्न घेणाऱ्यावर सोडलेला असतो. व्यापाऱ्यांची जुनी रीत म्हणजे चारही पाय एकत्र बांधून जनावर उलटे अडकवणे. त्याने वजन कळते, पण जनावर घाबरून धापा टाकते, सांध्यांना ताण बसतो आणि त्या दिवशी ते नीट खात नाही. जाड ताडपत्रीची, चार पायांसाठी चार भोके ठेवलेली झोळी गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतली तर पाय जमिनीवरून सुटताच मेंढी बहुतेक वेळा गप्प राहते, कारण तिला जोर द्यायला आधारच उरत नाही. झोळी आधी रिकामी अडकवून काटा शून्य करावा, म्हणजे तिचे वजन वेगळे वजा करावे लागत नाही. एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळावी: गाभण मेंढी, विशेषतः पाच महिन्यांच्या गाभणकाळातल्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत, झोळीत टांगू नये, कारण सगळा भार पोटावर येतो. तिच्यासाठी जमिनीवर ठेवायचा पिंजऱ्याचा काटाच योग्य, आणि तो या काट्याच्या कितीतरी पट महाग असतो.

काटा घेतल्यावर घासाघीस संपते, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती आधीच बाजूला ठेवावी. घासाघीस वजनावरून हटते आणि वेळेवर येते. मेंढी रवंथ करणारी असल्यामुळे तिच्या पोटात चारा आणि पाणी मिळून बराच भार असतो. सकाळी चरायला सोडण्यापूर्वी 38 किलो भरलेला नर संध्याकाळी पोटभर चरून, पाणी पिऊन आला की 40 किलोंच्या पुढे सहज जातो. उदाहरणादाखल किलोला 400 रुपये भाव धरला तर एवढ्याशा फरकात हजाराच्या आसपास रुपये इकडून तिकडे होतात. गिऱ्हाइकाला हे पक्के ठाऊक असते, म्हणून संध्याकाळी वजन केले तर तो 'तूट', म्हणजे पोटातल्या चाऱ्यापाण्यापोटी वजनात कपात, मागतो, आणि ती तूट एक किलो की तीन किलो हे पुन्हा अंदाजानेच ठरते. विक्रीच्या आदल्या दिवशी मीठ चारून जनावराला भरपूर पाणी पाजण्याची युक्ती काही जण करतात; खाटकाला ती जनावराच्या ताठलेल्या कुशीवरून ओळखता येते आणि एकदा ओळखली की तो पुढच्या वेळी त्या वाड्यावर वजनावर सौदाच करत नाही. यावर माझ्या मते एकच समाधानकारक तोडगा आहे: विसार घेतानाच ठरवून टाकावे की वजन सकाळी, चारापाण्यापूर्वी, दोघांसमक्ष होईल आणि त्यानंतर कसलीही तूट धरली जाणार नाही. ज्या गिऱ्हाइकाला दुपारीच पिकअप घेऊन यायचे असते त्याच्यासाठी जनावर बांधून ठेवावे, पण मग त्या उपाशी वेळेचा हिशेब भावात दिसला पाहिजे.

दुसरी मर्यादा अशी की विक्रीचे सगळे प्रकार वजनावर चालतच नाहीत. कापायला जाणाऱ्या नरांच्या बाबतीत जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपास मटण पडते, हा हिशेब दोन्ही बाजूंना मान्य असल्यामुळे तिथे काटा बोलतो. बकरी ईदच्या आधीच्या महिन्यात येणारे गिऱ्हाईक मात्र आधी दात बघते, मग शिंगे, कान, डोळे आणि चाल बघते. एखादा मोडका शिंगाचा किंवा लंगडणारा नर कितीही भरला तरी ते त्याला हात लावत नाही, आणि उंच, देखण्या, डाग नसलेल्या नराला वजनाच्या हिशेबापेक्षा बरेच जास्त देऊन जाते. तिथे किलोचा भाव काढून बसणारा विक्रेता स्वतःचेच नुकसान करून घेतो. जत तालुक्यातल्या अस्सल माडग्याळ नराचे तर सांगायलाच नको. त्याची किंमत पोपटासारखे बाकदार नाक, लांब पाय आणि अंगावरचे तपकिरी ठिपके यांवर ठरते आणि हौशी पैदासकाराला काटा दाखवला तर तो हसतो. पैदाशीची मेंढी घेणाऱ्यासाठी दोनदाती की चारदाती (म्हणजे वय किती), कास कशी, मागच्या वेताला एक कोकरू की जुळे, दूध किती आणि लसीकरण कोणते झाले, हे प्रश्न वजनाच्या आधी येतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नारी सुवर्णा मेंढीचे सगळे महत्त्वच जुळ्यांमध्ये आहे, आणि ते काट्यावर कुठून दिसणार?

तरीही हा काटा मी कोणाला परत देणार नाही, आणि त्याचे कारण विक्रीच्या दिवसातले नाही. दर महिन्याला सगळ्या कोकरांची वजने वहीत उतरवली की कोणते कोकरू वाढते आहे आणि कोणते केवळ चारा संपवते आहे, हे डोळ्यांनी दिसण्याच्या बरेच आधी कळते. चांगला खुराक असलेले संकरित कोकरू दिवसाला शंभर ते दीडशे ग्रॅम वाढते. ही वाढ सलग दोन महिने निम्म्यावर आली की आधी जंत आणि मग खुराक तपासावा, आणि दोन्ही ठीक असतील तर त्याला पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवावे. खाटीक नेहमी 'अजून महिनाभर ठेवा, भरेल' असे म्हणत असतो, कारण त्या महिन्याचा चारा त्याच्या खिशातून जात नसतो. वहीतला आकडा समोर असला की त्या सल्ल्याला उत्तर देता येते. सौद्याच्या वेळीही वाढीची नोंद कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकासह दाखवली तर पैदाशीसाठी आलेल्या गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. बिल्ला तसाही हवाच, कारण 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय पशुधनाची खरेदी-विक्री करता येत नाही.

कायद्याची एक बाजू काटा विकणारे सांगत नाहीत. व्यवहारासाठी वापरलेला काटा वैधमापन शास्त्र अधिनियम 2009 खाली पडताळून शिक्का मारून घ्यावा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची ही पडताळणी दर बारा महिन्यांनी नव्याने करावी लागते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त काट्यांपैकी अनेकांवर मॉडेलच्या मान्यतेचा क्रमांकच नसतो, आणि असा काटा पडताळणीला नेऊन उपयोग होत नाही. स्वतःच्या कोकरांची वाढ पाहायला तो चालेल, सौद्याला चालणार नाही. म्हणून दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी मान्यतेचा क्रमांक असलेलाच, तालुक्याच्या ठिकाणच्या परवानाधारक दुकानातून, पावतीसह घ्यावा.

ज्यांच्याकडे पाच-सहाच मेंढ्या आहेत त्यांना मात्र काट्याचा खर्च करण्याची गरज वाटत नाही. शिंप्याचा फीतटेप घेऊन पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (शेपटीजवळच्या) हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी, घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि 10,800 ने भागावे. घेर 76 आणि लांबी 66 असेल तर उत्तर 35 किलोंच्या थोडे पुढे येते. टेप लोकरीच्या वरून न लावता लोकर दाबून कातडीलगत धरावा लागतो. कातरणीनंतर लगेच मोजले तर आकडा अधिक भरवशाचा येतो. या मापावर गिऱ्हाईक पैसे मोजणार नाही, पण त्याने 28 किलो सांगितले तर निदान हो म्हणायचे की नाही ते ठरवता येते.